आर्केड स्टिक आणि गेमपॅड (फायटिंग गेम)

आर्केड स्टिक आणि गेमपॅड हे फायटिंग गेम, म्हणजे दोन पात्रांमधील लढतीवर आधारलेले व्हिडिओ गेम, खेळण्यासाठी वापरले जाणारे दोन प्रमुख नियंत्रक आहेत. आर्केड स्टिक ही नाणे टाकून चालणाऱ्या आर्केड यंत्राच्या पटलाची सुटी, घरी वापरता येण्याजोगी आवृत्ती होय. तिच्यात दिशेसाठी एक लीव्हर आणि हल्ल्यांसाठी साधारणतः सहा ते आठ मोठी बटणे असतात. गेमपॅड हा कन्सोलसोबत मिळणारा, दोन्ही हातांत धरून मुख्यतः अंगठ्यांनी चालवला जाणारा नियंत्रक आहे. २०१० च्या दशकापासून दिशांसाठीही बटणेच असलेला लीव्हरविरहित नियंत्रक हा तिसरा पर्याय प्रचारात आला.

या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता, हा फायटिंग गेमच्या खेळाडूंमधील जुना वाद आहे. दोन्ही प्रकारच्या नियंत्रकांवर खेळून आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत. त्यामुळे नियंत्रकाची निवड ही निर्विवाद श्रेष्ठतेपेक्षा खेळाची आज्ञापद्धती, खेळाडूच्या हातांची क्षमता, पूर्वीची सवय, खर्च आणि स्पर्धेचे नियम यांवर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

आर्केडचा काळ

फायटिंग गेम या प्रकाराची घडण आर्केड यंत्रांवर झाली. जपानमधील कॅपकॉम या कंपनीचा 'स्ट्रीट फायटर' हा खेळ १९८७ साली आला. त्याच्या एका यंत्रात दाबाचा जोर ओळखणारी दोन मोठी पॅड बसवलेली होती. खेळाडूने जितक्या जोराने प्रहार करावा, तितका पडद्यावरील ठोसा जोरदार पडे. दुसऱ्या आवृत्तीत त्या पॅडऐवजी सहा बटणे देण्यात आली. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर २' या खेळाने आठ दिशांचा लीव्हर आणि सहा बटणे हीच मांडणी रूढ केली. त्यांपैकी तीन बटणे ठोशांसाठी आणि तीन लाथांसाठी असून प्रत्येकी हलका, मध्यम व जोरदार असे प्रकार होते.

या खेळांतील विशेष डाव लीव्हर समोर ठेवूनच रचले गेले. पाव वर्तुळ फिरवणे, पूर्ण वर्तुळ फिरवणे, एका दिशेला काही क्षण धरून मग विरुद्ध दिशेला नेणे या आज्ञा मनगट व बोटांच्या नैसर्गिक हालचालींतून आल्या आहेत. आर्केड स्टिक हाच या खेळांचा अस्सल नियंत्रक आहे, या मताचे मूळ या इतिहासात आहे.

घरगुती कन्सोल

घरगुती यंत्रांवर लीव्हर अगदीच अपरिचित नव्हता. १९७७ साली आलेल्या अटारी कंपनीच्या कन्सोलसोबत जॉयस्टिक मिळत असे. मात्र निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी १९८२ सालच्या 'डाँकी काँग' या हातात मावणाऱ्या खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशाबटण वापरले आणि १९८३ साली फॅमिकॉम कन्सोलच्या नियंत्रकातही तेच आले. 'डी-पॅड' या नावाने ओळखले जाणारे हे बटण स्वस्त, चपटे आणि टिकाऊ असल्याने घरगुती यंत्रांवर तेच रूढ झाले.

'स्ट्रीट फायटर २' १९९२ साली सुपर निन्टेन्डो या कन्सोलवर आला. त्या नियंत्रकावर दर्शनी चार आणि खांद्यावरील दोन अशी सहा बटणे होती, त्यामुळे आर्केडची मांडणी कशीबशी का होईना, त्यावर बसली. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या नियंत्रकाला मुळात तीनच हल्ल्याची बटणे होती. १९९३ साली कंपनीने त्यासाठी सहा बटणांचा नवा पॅड बाजारात आणला. एका खेळामुळे नियंत्रकाची रचना बदलण्याचे हे ठळक उदाहरण मानता येते. सेगाच्याच पुढच्या सॅटर्न या कन्सोलचा सहाबटणी पॅड फायटिंग गेमच्या खेळाडूंमध्ये दीर्घकाळ वाखाणला गेला. याउलट एसएनके कंपनीने १९९० साली आणलेल्या निओ जिओ या घरगुती यंत्रासोबत आर्केडसारखी स्टिकच दिली होती.

कन्सोलवरील स्पर्धा

अमेरिकेत १९९६ साली लहान स्वरूपात सुरू झालेली स्पर्धा २००२ पासून 'इव्होल्यूशन', संक्षेपाने 'इव्हो', या नावाने ओळखली जाऊ लागली. २००४ साली या स्पर्धेने आर्केड यंत्रे सोडून सर्व खेळ कन्सोलवर घेण्याचा निर्णय घेतला. खेळाडूंना आपापला नियंत्रक सोबत आणावा लागू लागला आणि नियंत्रकाची निवड हा वैयक्तिक प्रश्न बनला. २००९ साली 'स्ट्रीट फायटर ४' कन्सोलवर आला, तेव्हा मॅड कॅट्झ या कंपनीने जपानी आर्केड यंत्रांतील सुटे भाग वापरून केलेली स्टिक विक्रीला आणली. आर्केड दर्जाचा नियंत्रक त्यानंतर सर्वसामान्य खेळाडूच्या आवाक्यात येऊ लागला.

रचना

आर्केड स्टिक

आर्केड स्टिकची पेटी मांडीवर किंवा टेबलावर ठेवून वापरली जाते. डाव्या हाताला लीव्हर आणि उजव्या हाताला बटणांच्या दोन ओळी असतात. लीव्हर झुकवला की त्याच्या तळाशी असलेल्या चार मायक्रोस्विचांपैकी एक किंवा शेजारचे दोन दाबले जातात. दोन दाबले गेले की तिरकी दिशा नोंदली जाते. जपानमधील सान्वा आणि सेइमित्सू या कंपन्यांचे लीव्हर व बटणे विशेष प्रचलित आहेत. हल्ल्याच्या बटणांचा व्यास सामान्यतः ३० मिलिमीटर असतो.

लीव्हरच्या हालचालीला मर्यादा घालणाऱ्या तळाच्या चौकटीला 'गेट' म्हणतात. चौकोनी गेटमध्ये लीव्हर कोपऱ्यात गेला की तिरकी दिशा मिळाल्याची हाताला खात्री पटते. अष्टकोनी गेटमध्ये आठही दिशांच्या खाचा जाणवतात. जपानी लीव्हरला बहुधा गोल मूठ असून तो स्प्रिंगच्या साहाय्याने मध्यावर परततो. कोरियन लीव्हरमध्ये स्प्रिंगऐवजी रबराचा ताण वापरलेला असतो आणि मूठ लांबट असते; तो झटक्याने मध्यावर येत असल्यामुळे 'टेकन' या खेळाच्या अनेक खेळाडूंची त्याला पसंती आहे.

गेमपॅड

गेमपॅडवर डावा अंगठा दिशेसाठी, उजवा अंगठा दर्शनी चार बटणांसाठी आणि दोन्ही तर्जन्या खांद्यावरील बटणांसाठी वापरल्या जातात. दिशेसाठी डी-पॅड किंवा ॲनालॉग स्टिक असे दोन पर्याय असतात. बहुसंख्य फायटिंग गेम केवळ आठ दिशा ओळखतात. ॲनालॉग स्टिकवर तिरकी दिशा नेमकी कुठे सुरू होते ते बोटाला कळत नाही, म्हणून बहुतेक खेळाडू डी-पॅड वापरतात. निन्टेन्डोचा एकसंध, सोनीचा चार भागांत विभागलेला आणि सेगाचा चकतीसारखा असे डी-पॅडचे प्रकार असून वर्तुळाकार आज्ञा देताना त्यांतील फरक जाणवतो. फायटिंग गेमसाठी खास बनवलेल्या काही पॅडवर दर्शनी भागावरच सहा बटणे असतात.

लीव्हरविरहित नियंत्रक

या प्रकारात डावीकडे, खाली आणि उजवीकडे या दिशांची बटणे डाव्या हाताच्या तीन बोटांखाली एका ओळीत असतात आणि वरच्या दिशेचे मोठे बटण अंगठ्याखाली असते. 'हिट बॉक्स' या नावाच्या उत्पादनामुळे ही मांडणी प्रसिद्ध झाली. लीव्हर एका दिशेकडून दुसरीकडे नेताना मधले अंतर कापावे लागते. बटणांवर ते अंतर नसते. संगणकावर खेळणारे अनेक जण साध्या कळफलकाचाही याच तत्त्वावर उपयोग करतात. स्वस्त कळफलकावर अनेक कळा एकदम दाबल्यास काही कळांची नोंद होत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

आज्ञा आणि हातांच्या हालचाली

नियंत्रकांतील फरक पुढील प्रकारच्या आज्ञांमध्ये स्पष्ट दिसतो.

पाव वर्तुळ: खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा ही ऱ्यू या पात्राच्या हादोकेनची आज्ञा होय. लीव्हरवर ती मनगटाच्या एका झोक्यात आणि डी-पॅडवर अंगठा घरंगळवून देता येते. या आज्ञेबाबत दोन्ही नियंत्रक जवळपास समान आहेत.

नागमोडी आज्ञा: पुढे, खाली, खाली-पुढे आणि ठोसा ही शोर्युकेनची आज्ञा आहे. नवख्या खेळाडूचा लीव्हर येथे मधल्या दिशा चुकवतो. लीव्हरविरहित नियंत्रकावर पुढे दाबून सोडणे, खाली दाबणे आणि ते न सोडता पुन्हा पुढे दाबणे एवढेच करावे लागते.

पूर्ण वर्तुळ: झँगीफ या मल्लाच्या प्रसिद्ध पकडीसाठी दिशा पूर्ण फिरवावी लागते. फिरवताना वरची दिशा लागत असल्याने आज्ञा वेळेत पुरी झाली नाही, तर पात्र उडी मारते. ही आज्ञा लीव्हरवर अधिक सहज वाटते, असे अनेक खेळाडूंचे मत आहे.

धरून सोडण्याच्या आज्ञा: गाइल या पात्रासाठी मागची दिशा काही काळ धरून मग पुढची दिशा व ठोसा द्यावा लागतो. येथे डी-पॅड आणि लीव्हरविरहित नियंत्रक सोयीचे ठरतात, कारण मागून पुढे जाण्याचे अंतर फार थोडे असते.

बटणांचे जोडहल्ले: स्टिकवर उजव्या हाताची चार बोटे सर्व बटणांवर मोकळी असतात, त्यामुळे दोन-तीन बटणे एकदम दाबणे किंवा भराभर एकापाठोपाठ दाबणे सोपे जाते. पॅडवर एकच अंगठा चार बटणे सांभाळतो. यावर उपाय म्हणून आधुनिक खेळांत दोन-तीन बटणांचे काम खांद्यावरील एकाच बटणाला नेमून देण्याची सोय असते.

खेळानुसार फरक

सर्व फायटिंग गेमना एकच नियंत्रक सारखा मानवत नाही. सहा बटणांच्या 'स्ट्रीट फायटर' मालिकेत स्टिकची मांडणी मुळाबरहुकूम असते. १९९४ साली सुरू झालेल्या 'टेकन' मालिकेत मात्र प्रत्येक हाताला व पायाला एक, अशी चारच बटणे आहेत. ती पॅडच्या दर्शनी चार बटणांवर चपखल बसतात. असे असूनही 'टेकन'च्या कोरियातील खेळाडूंमध्ये लीव्हरची परंपरा बळकट राहिली. मागे सरकण्याच्या 'कोरियन बॅकडॅश' या तंत्रात मागे व खाली-मागे या दिशा सतत आलटून पालटून द्याव्या लागतात.

१९९२ सालच्या 'मॉर्टल कॉम्बॅट'पासून सुरू झालेल्या मालिकेत अनेक विशेष डाव वर्तुळाऐवजी सुट्या दिशा टिचकीसारख्या दाबून दिले जातात. डी-पॅडला ही पद्धत अनुकूल आहे. 'सुपर स्मॅश ब्रदर्स' ही मालिका याहून निराळी आहे. तिच्यात दिशा किती झुकवली यालाही महत्त्व असल्याने ॲनालॉग स्टिक आवश्यक ठरते. २००१ सालचा 'मेली' हा खेळ आजही अनेक जण गेमक्यूब कन्सोलच्या मूळ नियंत्रकावरच खेळतात.

वेळ आणि विलंब

बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतात. यांतील एक चित्र, म्हणजे 'फ्रेम', सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. काही डावांसाठी बटण नेमक्या एका फ्रेममध्ये दाबावे लागते. त्यामुळे नियंत्रकाकडून यंत्रापर्यंत संदेश पोहोचण्यास लागणारा विलंब महत्त्वाचा ठरतो. हा विलंब नियंत्रकाच्या आतील विद्युतपट्टीवर आणि जोडणीवर अवलंबून असतो. तो पॅड आहे की स्टिक यावर नाही. महागड्या स्टिकमधील पट्टी साध्या पॅडपेक्षा मंद असू शकते. पडदा किंवा दूरचित्रवाणी संचाचा विलंबही यात मिळतो आणि पुष्कळदा तो नियंत्रकाच्या विलंबाहून मोठा असतो.

स्पर्धा आणि नियम

२००४ सालच्या इव्हो स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक' या खेळात जपानचे दाइगो उमेहारा यांनी अमेरिकेचे जस्टिन वाँग यांच्या चुन-ली या पात्राचा १५ फटक्यांचा महाडाव एकामागून एक परतवला आणि प्रतिहल्ला करून फेरी जिंकली. हा प्रसंग फायटिंग गेमच्या इतिहासात अतिशय प्रसिद्ध असून स्टिकच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून त्याचा उल्लेख होतो. तथापि, फटका परतवण्याची त्या खेळातील आज्ञा म्हणजे अचूक क्षणी पुढची दिशा एकदा दाबणे इतकीच आहे. ती कोणत्याही नियंत्रकावर देता येते. त्या प्रसंगातील कौशल्य अचूक वेळेचे होते. पुढे २०१४ साली फ्रान्सचा 'लफी' या नावाने खेळणारा खेळाडू इव्होमध्ये 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४'चा विजेता ठरला, तेव्हा त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा जुना गेमपॅड होता. वरच्या स्तरावर पॅड चालत नाही, हा समज या विजयानंतर टिकवणे कठीण झाले.

नियंत्रकांविषयीचा गंभीर वाद लीव्हरविरहित प्रकारामुळे उभा राहिला. लीव्हर एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे झुकू शकत नाही; स्वतंत्र बटणे मात्र दोन्ही एकदम दाबता येतात. अशा वेळी यंत्राने काय समजावे, हे नियंत्रकाच्या आतील रचनेवर ठरते. शेवटी दाबलेली दिशा ग्राह्य धरली, तर गाइलचा खेळाडू मागचे बटण न सोडता पुढचे बटण क्षणभर दाबून डाव टाकू शकतो आणि ते सोडताच मागची दिशा पुन्हा धरली जाते. लीव्हरवर हे शक्य नाही. २०१९ साली उमेहारा यांनी वापरलेला असा एक नियंत्रक कॅपकॉमच्या स्पर्धामालिकेत अमान्य करण्यात आला. २०२३ साली 'स्ट्रीट फायटर ६' आल्यानंतर कॅपकॉमने आपल्या स्पर्धांसाठी परस्परविरुद्ध दिशांविषयी नियम घातला. त्यानुसार दोन विरुद्ध दिशा एकदम दाबल्यास त्यांपैकी एकीलाच झुकते माप मिळता कामा नये. लीव्हरविरहित नियंत्रकांवर सरसकट बंदी न घालता त्यांचा विशिष्ट लाभ काढून घेणे, असे या धोरणाचे स्वरूप आहे.

बिनतारी पॅडमुळे वेगळी अडचण येते. पूर्वी जोडलेला पॅड पिशवीत असताना चुकून चालू झाला, तर तो त्याच कन्सोलवर चाललेला दुसऱ्यांचा सामना थांबवू शकतो. म्हणून स्पर्धांमध्ये खेळाडूंना सामना संपताच पॅडची जोडणी तोडण्यास सांगितले जाते.

सुगम्यता आणि आरोग्य

नियंत्रकाची निवड काही खेळाडूंसाठी आवडीनिवडीची बाब नसून खेळता येणे किंवा न येणे यांतील फरक असतो. सांधे व स्नायूंच्या जन्मजात विकारामुळे हातपाय वापरता न येणारे अमेरिकन खेळाडू माइक बेगम हे 'ब्रोलीलेग्ज' या नावाने प्रसिद्ध होते. साधा गेमपॅड चेहऱ्याजवळ ठेवून तोंडाने बटणे चालवत ते स्पर्धांमध्ये उतरत. लहान आकारात सर्व बटणे सामावणारा पॅड हाच त्यांच्यासाठी सोयीचा होता. रुंद स्टिकवर असे खेळणे अशक्यप्राय ठरले असते. त्यांचे २०२४ साली निधन झाले. याउलट अंगठ्याची हालचाल मर्यादित असलेल्या खेळाडूस संपूर्ण हात वापरू देणारी स्टिक उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणि सोनीने २०२३ साली अपंग खेळाडूंना आपल्या गरजेनुसार जुळवता येतील असे नियंत्रक बाजारात आणले.

'स्ट्रीट फायटर ६' या खेळात 'मॉडर्न' नावाची आज्ञापद्धती देण्यात आली. तीत एक बटण व एक दिशा यांनी विशेष डाव टाकता येतात, मात्र अशा डावांचा प्रहार सुमारे २० टक्क्यांनी सौम्य होतो. या पद्धतीत कमी बटणे लागत असल्याने ती गेमपॅडला विशेष अनुकूल आहे.

दीर्घ सरावाने दोन्ही नियंत्रकांवर शारीरिक ताण येतो. डी-पॅडवर अंगठ्याला फोड येणे व अंगठ्याच्या मुळाशी दुखणे, तर स्टिकवर मनगट व कोपर दुखणे, अशा तक्रारी आढळतात. लीव्हर घट्ट आवळून धरण्याची सवय हे त्याचे एक कारण आहे. हातांच्या दुखण्यामुळे काही खेळाडू लीव्हरविरहित नियंत्रकाकडे वळले आहेत.

भारतातील स्थिती

१९९० च्या दशकात मुंबई-पुण्यासह भारतातील अनेक शहरांत व्हिडिओ गेम पार्लर चालत. तेथील यंत्रांवर लीव्हर व बटणांचे पटल असे आणि 'द किंग ऑफ फायटर्स ९७' हा खेळ विशेष लोकप्रिय होता. त्याच सुमारास घराघरांत फॅमिकॉमच्या धर्तीवरील स्वस्त यंत्रे पोहोचली. त्यांच्यासोबत पॅड मिळत. त्यामुळे एकाच पिढीतील खेळाडूंना पार्लरमध्ये लीव्हरची, तर घरी पॅडची सवय लागली. पार्लर मागे पडल्यावर नव्या खेळाडूंची सुरुवात प्रामुख्याने गेमपॅड किंवा कळफलकावर होऊ लागली. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत 'स्ट्रीट फायटर ५' हा पदकासाठीचा प्रकार होता. त्यात भारताच्या वतीने मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास सहभागी झाले होते.

निवडीचे निकष

नियंत्रक निवडताना साधारणपणे पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

सवय: ज्या नियंत्रकावर हात आधीच बसलेला आहे, त्यावर आज्ञा अधिक अचूक येतात. नियंत्रक बदलल्यास पूर्वीचा वेग परत मिळवण्यासाठी बराच सराव करावा लागतो आणि तोवर खेळ मंदावतो.

खर्च: गेमपॅड कन्सोलसोबतच मिळतो. चांगली आर्केड स्टिक त्याच्या कित्येक पट महाग असते.

दुरुस्ती: स्टिकचे लीव्हर व बटणे सुटी मिळतात आणि बहुधा झाळकाम न करता बदलता येतात. पॅडमधील झिजलेला डी-पॅड बदलणे अवघड असल्याने पुष्कळदा संपूर्ण पॅडच बदलावा लागतो.

वाहतूक: पॅड खिशात किंवा लहान पिशवीत मावतो. स्टिकची पेटी मोठी व जड असल्याने ती प्रवासात सांभाळावी लागते.

सुसंगती: प्रत्येक नियंत्रक प्रत्येक कन्सोलवर चालत नाही. जुन्या कन्सोलसाठीची स्टिक नव्यावर चालेल की नाही, हे अनेकदा त्या त्या खेळावर ठरते. अशा वेळी परिवर्तक उपकरण लागते.

स्पर्धेचे नियम: लीव्हरविरहित किंवा स्वतः बनवलेला नियंत्रक वापरण्यापूर्वी संबंधित स्पर्धेत विरुद्ध दिशा, बटणांची संख्या आणि स्वयंचलित आज्ञा यांविषयी कोणते नियम आहेत, हे पाहावे लागते.

नवीन खेळाडूने हाताशी असलेल्या गेमपॅडवर सुरुवात करावी आणि त्याची विशिष्ट अडचण, उदाहरणार्थ अंगठ्याचे दुखणे किंवा जोडहल्ल्यांतील गैरसोय, जाणवल्यानंतरच दुसऱ्या नियंत्रकाचा विचार करावा, असा सल्ला अनुभवी खेळाडू सहसा देतात. प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखणे, अंतर राखणे आणि योग्य क्षण साधणे ही या खेळांतील मूलभूत कौशल्ये नियंत्रक बदलला तरी बदलत नाहीत.